एका कॉम्प्युटरवर पाच जण: पाळीचा इतिहास

इयरफोन लावले असतील तर आवाज जरा वाढवा, आजचा एपिसोड थोडा लांब आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे सगळं लिहून देतोय. बोलताना मध्येमध्ये येणारे माझे 'अं' आणि 'काय म्हणतात ते' काढून टाकलेत, बाकी तसंच आहे.

आजचा प्रश्न साधा आहे. एक कॉम्प्युटर एकाच वेळी किती जणांचा असू शकतो?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? एका खुर्चीवर एक माणूस, एका कीबोर्डवर दोन हात. पण या प्रश्नाने मला एकदा चांगलंच रडवलंय. त्यामुळे आधी ती गोष्ट, मग इतिहास.

मी सोयगावचा. तालुका सोयगाव, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. अजिंठ्याची लेणी आमच्याच तालुक्यात येतात. पण आम्ही घाटाच्या खालच्या अंगाला. कागदोपत्री मराठवाडा, पण बाजारहाट, दवाखाना, रेल्वे, सगळं खानदेशात, पाचोऱ्याला नाहीतर जळगावला. माझे मामा पाचोऱ्यात कर सल्लागार आहेत. दुकानदारांची खाती लिहायची, जीएसटीची रिटर्न भरायची, हे त्यांचं काम. हाताखाली चार पोरं.

२०१९ साल. मी बीटेकच्या शेवटच्या वर्षाला. सुट्टीत मामांकडे गेलो, तर ऑफिसात एक नवा कोरा पीसी. आय-सेव्हन, १६ जीबी रॅम. बाकी चार मशीन जुनाट, चालू व्हायलाच दहा मिनिटं घेणारी.

मामा म्हणाले, "भाचे, तू इंजिनिअर ना रे? मग असं कर, ही चारही पोरं या नव्या मशीनवरच काम करतील. जुन्यांचा नुसता पडदा वापरू."

कल्पना शंभर टक्के बरोबर होती. त्यासाठीच रिमोट डेस्कटॉप असतो. तुमच्यासमोरच्या मशीनवर फक्त चित्र दिसतं, खरं काम दुसऱ्या मशीनवर चालतं. पण मी पहिल्या पोराला आत घेतलं, दुसऱ्याला घेतलं, आणि पहिला बाहेर फेकला गेला. विंडोजच्या साध्या प्रो आवृत्तीत एका वेळी एकच माणूस. दुसरा आला की पहिल्याने उठायचं.

मग मी तेच केलं जे कुठलाही अतिउत्साही इंजिनिअर करतो. इंटरनेटवर एक पॅच शोधला. विंडोजमधल्या एका फाईलमध्ये फेरफार करून तो ही अट काढून टाकतो. अर्ध्या तासात चारही पोरं एका मशीनवर. मामांनी कचोरी मागवली. ऑफिसात माझा भाव वधारला.

पुढे मामा म्हणाले, "रात्री घरून पण बघता आलं पाहिजे." मी राउटरमध्ये जाऊन ३३८९ नंबरचं दार, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, सरळ इंटरनेटला उघडून दिला. विंडोजचं अपडेट आलं की पॅच मोडायचा, म्हणून अपडेटही बंद करून टाकले. चौघांनाही ॲडमिन केलं, कारण ते सोपं होतं. पासवर्ड काय? मामांचं नाव आणि पुढे १२३.

हसू नका. हसलात तर आधी स्वतःच्या घरच्या वायफायचा पासवर्ड आठवा.

अडीच महिन्यांनी मामांचा फोन. "अरे, स्क्रीनवर इंग्लिशमध्ये काहीतरी आलंय. पैसे मागताहेत."

रॅन्समवेअर. सगळ्या फाईली कुलूपबंद. आणि एकच मशीन असल्यामुळे चौघांचंही काम एका झटक्यात गेलं. नंतर लॉग पाहिले तेव्हा कळलं, हजारो वेळा कोणीतरी पासवर्ड ओळखायचा प्रयत्न केला होता, आणि शेवटी तो बरोबर आला होता. शेवटचा बॅकअप पेनड्राइव्हवर, २३ दिवसांपूर्वीचा. जीएसटी भरायची २० तारीख तोंडावर. बिलांच्या फाईली काढून सहा रात्री आम्ही सगळ्यांनी मिळून नोंदी पुन्हा टाइप केल्या.

मामा माझ्यावर ओरडले नाहीत. सहाव्या रात्री चहा पिताना एवढंच म्हणाले, "काळीपिवळीत पंधरा माणसं बसतात म्हणून ती एसटी होत नाही, भाचे."

या वाक्यानंतर मी या विषयाचा इतिहास शोधायला लागलो. कारण मला कळत नव्हतं, की एका कॉम्प्युटरवर अनेक जण बसवणं ही इतकी साधी गोष्ट असेल तर ती बंद का ठेवलीय? आणि ती अवघड असेल तर मला अर्ध्या तासात कशी जमली? उत्तर मिळालं ते असं, की ही गोष्ट साठ वर्षं जुनी आहे, आणि त्या लोकांनी जे आधी केलं ते मी केलंच नव्हतं.

रांगेचा जमाना

चला मुंबईला. कुलाबा, टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर. १९५० च्या दशकात आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या तरुण मंडळींनी स्वतः एक कॉम्प्युटर बांधला. १९६० मध्ये तो पूर्ण क्षमतेने चालू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं, टिफरॅक. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब आणि ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची मेमरी. आजच्या हिशोबात ती सुमारे १० केबी होते. तुम्ही सकाळी फॅमिली ग्रुपवर जो 'शुभ सकाळ'चा फुलांचा फोटो पाठवता ना, तोसुद्धा त्यात मावला नसता.

१९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे मोठं मशीन आलं. ते फक्त त्या संस्थेचं नव्हतं, देशभरातले संशोधक ते वापरत. पण कसं? प्रोग्राम कागदी कार्डांवर भोकं पाडून लिहायचा. कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा. ऑपरेटर एकामागून एक गठ्ठे मशीनला खायला घालणार. तुमचा नंबर लागला की मशीन पूर्ण तुमचं, आणि काम संपलं की पुढच्याचं. उत्तर छापून यायचं. एक स्वल्पविराम चुकला असेल तर? छापलेली चूक हातात घ्यायची, नवं कार्ड मारायचं, पुन्हा रांगेत उभं राहायचं.

याला बॅच प्रोसेसिंग म्हणतात. यात मशीनचा एक क्षणही वाया जात नाही. माणसाचा दिवस जातो. पण मशीन इतकं महाग होतं की माणसाचा दिवस स्वस्त वाटायचा.

पाटकरी येतो

हे गणित उलटं करून बघणारे काही लोक होते. एमआयटीतल्या जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुरुवातीला एक टिपण लिहिलं. त्याच वर्षी पॅरिसला युनेस्कोच्या परिषदेत इंग्लंडच्या ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनीही टाइम-शेअरिंगवर निबंध वाचला. मुद्दा असा, की मशीन वेगवान आहे आणि माणूस मंद.

आपण हिशोब करू. तुम्ही भराभर टाइप केलं तरी सेकंदाला पाच अक्षरं. त्या काळचं मोठं मशीन सेकंदाला लाखभर बेरजा आरामात करायचं. म्हणजे तुमच्या दोन अक्षरांच्या मध्ये २०,००० बेरजा होऊ शकतात. तेवढ्या वेळात मशीनने दुसऱ्याचं थोडं काम केलं, तिसऱ्याचं केलं आणि परत तुमच्याकडे आलं, तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही. प्रत्येकाला वाटेल, मशीन माझंच आहे.

धुळे जिल्ह्यातल्या आपल्या श्रोत्यांना हे लगेच कळेल. पांझरा नदीच्या काठावर फड पद्धत आहे, शेकडो वर्षं जुनी. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. पाणी एकच, शेतकरी अनेक. मग पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी असतो. कोणाच्या रानात कधी आणि किती वेळ पाणी जाणार ते तो बघतो. आपल्या मनाने कोणी दार उघडायचं नाही. पाळी आली की पाणी, पाळी संपली की बंद.

कॉम्प्युटरमध्ये या पाटकऱ्याला शेड्युलर म्हणतात.

नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा पाटकरी चालवून दाखवला. सीटीएसएस हे त्या सिस्टिमचं नाव. आधी आयबीएम ७०९ वर, चार टर्मिनल जोडून. १९६३ पासून आयबीएम ७०९४ वर ती नियमित सेवा म्हणून चालू झाली आणि एका वेळी तीसेक माणसं तिच्यावर काम करू लागली. या कामासाठी कॉर्बाटो यांना पुढे १९९० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता नीट ऐका, कारण माझी चूक इथेच आहे. कॉर्बाटोंच्या लोकांनी नुसती पाळी लावली नाही. त्यांनी तीन गोष्टी केल्या.

पहिली, घड्याळ. ठरावीक वेळाने मशीनला आतूनच टोचणी लागणार: थांब, आता पुढच्याची पाळी. प्रोग्रामची इच्छा असो वा नसो. नाहीतर एखादा प्रोग्राम पाणी अडवूनच बसेल.

दुसरी, बांध. एकाच्या प्रोग्रामने दुसऱ्याच्या मेमरीत शिरायचं नाही. बांध कोरला की गावात काय होतं ते मला सांगायला नको, कोर्टात तीन पिढ्या जातात. सीटीएसएससाठी मशीनमध्येच बदल करून घेतले होते. मेमरीच्या दोन वेगळ्या बँका: एकीत फक्त व्यवस्थापक प्रोग्राम, दुसरीत वापरणाऱ्यांचं काम. मालकाची खोली वेगळी आणि पाहुण्यांची वेगळी.

तिसरी, नाव आणि किल्ली. कोण आत आलंय, त्याच्या फाईली कोणत्या, त्याने किती वेळ वापरला. यासाठी प्रत्येकाला पासवर्ड. कॉम्प्युटरला पासवर्ड लागायला लागला तो इथपासून. कारण उघड आहे. घरात एकटाच माणूस राहत असेल तर आतल्या कपाटाला कुलूप लावत नाहीत. पाच भाडेकरू आले की लागतं.

आणि पासवर्ड आला त्याबरोबर पासवर्डची चोरीही आली! ॲलन शेअर नावाच्या एका विद्यार्थ्याला मशीनचा आठवड्याचा ठरवून दिलेला वेळ पुरत नव्हता. १९६२ मध्ये त्याने एक कार्ड टाकून सरळ पासवर्डची फाईलच छापून मागवली, आणि ती त्याला मिळाली! मग दुसऱ्यांच्या नावाने काम सुरू. हे त्याने पुढे अनेक वर्षांनी स्वतःच सांगितलं.

दुसरा किस्सा त्याहून भारी. १९६६ मध्ये एक दिवस सीटीएसएसवर जो कोणी लॉगिन करेल त्याच्यासमोर सगळ्यांचे पासवर्ड छापून यायला लागले. झालं असं होतं, की एक व्यवस्थापक पासवर्डची फाईल दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी दुसरा 'आजची सूचना' लिहीत होता. दोघांचा एडिटर तात्पुरत्या कामासाठी एकाच नावाची फाईल वापरायचा. फाईलींची अदलाबदल झाली, आणि पासवर्ड सूचना म्हणून झळकले.

ज्याने एडिटर लिहिला, त्याने धरलं होतं की एका वेळी एकच जण तो वापरणार. एकट्यासाठी लिहिलेली गोष्ट अनेकांच्या हाती दिली की ती नेमकी अशीच फुटते.

आपल्याकडे पाळी कशी आली

टीआयएफआरमध्ये १९७० च्या दशकात डेकसिस्टम-१० आलं. हे जन्मापासूनच टाइम-शेअरिंगचं मशीन. कार्डांच्या गठ्ठ्याऐवजी टर्मिनलसमोर बसा, टाइप करा, उत्तर लगेच. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने तिथे एनसीएसडीसीटी हे सॉफ्टवेअरचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं होतं. पुढे त्याचं एनसीएसटी झालं, ते जुहूला गेलं आणि नंतर सी-डॅकमध्ये विलीन झालं.

पण तुमच्या-माझ्या आजी-आजोबांना टाइम-शेअरिंग भेटलं ते प्रयोगशाळेत नाही, रेल्वेच्या खिडकीवर.

आधी आरक्षण कसं व्हायचं माहितीये? प्रत्येक गाडीचं, प्रत्येक तारखेचं रजिस्टर. रजिस्टर ज्या खिडकीवर, त्या गाडीचं तिकीट तिथेच. कारण एक वही एका वेळी एकाच बाबूच्या हातात असू शकते. शेजारची खिडकी रिकामी असली तरी उपयोग नाही.

१९८५ मध्ये नवी दिल्लीत प्रायोगिक तत्त्वावर कॉम्प्युटरचं आरक्षण सुरू झालं. सॉफ्टवेअर सीएमसी या सरकारी कंपनीने केलेलं. नंतर मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद. मध्ये मोठं मशीन आणि त्याला जोडलेले अनेक टर्मिनल. बाबूच्या समोरचा तो काळा पडदा स्वतः काहीच करत नव्हता. टाइप केलेलं आत पाठवायचं, आलेलं दाखवायचं, बस. त्याला डंब टर्मिनल म्हणतात, म्हणजे बिनडोक पडदा. मामांच्या ऑफिसातली जुनाट मशीन मी ज्यासाठी वापरली तेच काम, पस्तीस वर्षं आधी.

इथे एक नवीन अडचण आली. दोन खिडक्यांवरचे दोन बाबू एकाच सेकंदाला शेवटचा बर्थ मागतात. कोणाला द्यायचा? वही एक होती तेव्हा हा प्रश्नच नव्हता. आता मशीनने एकाला थांबवून दुसऱ्याचा व्यवहार पूर्ण करायचा, आणि मग पहिल्याला सांगायचं, 'वेटिंग'. हे चुकलं तर एका बर्थवर दोन कुटुंबं आणि मध्ये टीसी.

सुरुवातीला ही पाच केंद्रं वेगवेगळी होती. एप्रिल १९९९ मध्ये ती एकमेकांना जोडली गेली, आणि कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीचं तिकीट मिळायला लागलं. त्याच सुमाराला आमच्यासारख्या पोरांचा जन्म झाला, म्हणून आम्हाला ते जगाच्या सुरुवातीपासून तसंच आहे असं वाटतं.

बँकांचंही तसंच. १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. कामगार संघटनांचा विरोध होता, कॉम्प्युटरने नोकऱ्या जातील ही भीती खरी होती. करार झाले आणि हळूहळू शाखांमध्ये मशीन आली. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी युनिक्स होतं. युनिक्स म्हणजे १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलेली ऑपरेटिंग सिस्टिम. तिचा स्वभावच अनेकांना सांभाळायचा. शाखेत एक युनिक्सचं मशीन, त्याला वायरींनी जोडलेले टर्मिनल, आणि काउंटरवरचे सगळे त्याच एका मशीनवर. १६ जीबी रॅम नव्हती, काही एमबीत काम भागत होतं.

तर माझ्या पहिल्या प्रश्नाचा निम्मा भाग सुटला. अनेकांना एका मशीनवर बसवणं ही जुनी, सिद्ध झालेली गोष्ट होती. मग २०१९ मध्ये माझ्यासमोर दार बंद का?

'पर्सनल' या शब्दाची किंमत

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. पी म्हणजे पर्सनल. मशीन इतकं स्वस्त झालं की वाटणीची गरजच संपली, असं लोकांना वाटलं. प्रत्येकाला स्वतःची विहीर मिळाली, मग पाटकरी हवाय कशाला? सुरुवातीच्या पीसीवर ना बांध होते, ना पासवर्ड. समोर बसेल तो मालक.

पण कंपन्यांना लवकरच जाणवलं, की हजार विहिरी सांभाळणं हे एका धरणापेक्षा महागात पडतं. प्रत्येक पीसीवर वेगळं सॉफ्टवेअर टाका, वेगळा व्हायरस काढा. १९८९ मध्ये एड आयाकोबुची यांनी सिट्रिक्स कंपनी काढली. तिने मायक्रोसॉफ्टकडून परवाना घेऊन विंडोज एनटीलाच अनेकांसाठी तयार केलं. विनफ्रेम, १९९५. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते तंत्र सिट्रिक्सकडून घेण्याचा करार केला, आणि १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली. रिमोट डेस्कटॉपची भाषा, आरडीपी, ती तेव्हापासूनची.

२००१ मध्ये विंडोज एक्सपी प्रोफेशनलमध्ये रिमोट डेस्कटॉप घरच्या आणि ऑफिसच्या पीसीवर आला, पण एका वेळी एकच माणूस या अटीवर. मजा म्हणजे, एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकच्या चाचणी आवृत्तीत ही अट थोडी सैल केली होती. २००४ ला पक्की आवृत्ती आली तेव्हा ती सवलत काढून घेतली.

आजही तसंच आहे. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. प्रोमध्ये एक. सर्व्हर आवृत्तीत देखभालीसाठी दोन. त्याहून जास्त हवे असतील तर प्रत्येकासाठी वेगळा परवाना विकत घ्यायचा. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची अनेकांनी एकत्र वापरायची आवृत्ती आणली, पण ती त्यांच्या ॲझ्युर क्लाउडवरच.

म्हणजे दाराला भिंत नव्हती, तिकीट होतं. आतलं यंत्र तयारच होतं. म्हणून तर माझा पॅच अर्ध्या तासात चालला.

यावर चिडणारे खूप भेटतात. "मशीन माझं, ताकद माझी, मग अट यांची का?" मलाही तेव्हा असंच वाटायचं. आज मी स्वतः सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत काम करतो. पाच माणसांनी एक परवाना वापरला तर चार परवान्यांचे पैसे बुडतात, हे साधं गणित मला आता दिसतं. आणि ज्याला ही अट मान्य नाही त्याला लिनक्सचा रस्ता मोकळा आहे. तिथे कितीही जण या, माणशी पैसे नाहीत. तिकीट टाळायचं असेल तर तिकीट नसलेल्या गाडीत बसावं. तिकीटवाल्या गाडीच्या टपावर बसू नये.

शाळेतले चार पडदे

हे सगळं वाचताना मला अचानक आठवलं, की मी हे आधीही पाहिलंय. माझ्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये! एका टेबलाखाली एक सीपीयू आणि वर चार मॉनिटर. प्रत्येक मॉनिटरमागे वहीएवढी डबी. आम्हाला वाटायचं डबी म्हणजेच कॉम्प्युटर. एका पडद्यावर दोघं, म्हणजे एका सीपीयूवर आठ पोरं. एकाने गुपचूप व्हिडिओ लावला की बाकी तीन पडद्यांवर पेंटचा ब्रश अडकायचा. सरांना न उठता कळायचं, की कोणीतरी उद्योग करतंय.

हाच प्रयोग जगभर चालला होता. १९९९ मध्ये जिम मॅक्विलन यांनी लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट सुरू केला. जुनी मशीन फेकू नका, त्यांना पडदे बनवा, काम मधल्या सर्व्हरवर करा. मायक्रोसॉफ्टनेही २०१० मध्ये खास शाळांसाठी मल्टिपॉइंट सर्व्हर आणला. म्हणजे मामांना हवं होतं ते रीतसर मिळत होतं. मी विचारायलाच गेलो नाही.

शाळेच्या लॅबमध्ये एक तोटाही दिसायचा. तो एक सीपीयू बंद पडला की चारही पडदे काळे. त्या दिवशी तास म्हणजे कबड्डी. आम्ही खूश असायचो. मामांच्या ऑफिसात चार पडदे काळे झाले तेव्हा मात्र कोणी खूश नव्हतं.

तर मग उत्तर काय

एक कॉम्प्युटर किती जणांचा असू शकतो? तुम्ही आत्ता हा एपिसोड ऐकताय, तो ज्या सर्व्हरवरून येतोय त्यावर तुमच्यासारखे कितीतरी जण आहेत. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी वेबसाइट गोल गोल फिरत बसते, ती याच पाळीमुळे. तत्काळला सकाळी तुमचं बोट आणि लाखो बोटं एकाच वेळी एकाच दारावर पडतात. हातात स्वतःचा फोन असला तरी आपण दिवसभर वाटणीच्याच मशीनवर जगतो. पाटकरी दिसत नाही, एवढंच.

त्यामुळे किती जण, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, बांध आहेत का? किल्ल्या वेगळ्या आहेत का? आणि मशीन पडलं तर काय?

१९६१ च्या लोकांनी पाळीबरोबरच बांध आणि किल्ल्या बनवल्या. विंडोजमध्येही त्या होत्या. मीच चौघांना ॲडमिन करून बांध पाडले, एकच सोपा पासवर्ड देऊन किल्ल्या संपवल्या, अपडेट बंद करून पहारेकरी घरी पाठवला, आणि दार थेट रस्त्यावर उघडलं. योगायोग बघा, त्याच २०१९ च्या मे महिन्यात विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाची मोठी फट सापडली होती. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने कधीच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. सगळीकडे त्याच्या बातम्या होत्या. मी त्या वाचल्या होत्या, आणि तरी काही महिन्यांनी ३३८९ उघडला. माहिती असणं आणि शहाणपण असणं, यात तेवढं अंतर असतं.

मामांच्या ऑफिसात आता काय आहे ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणाच्या तरी काकांचं, मामांचं ऑफिस असंच असेल. एक छोटा सर्व्हर, विंडोजची सर्व्हर आवृत्ती, पाच जणांचे पाच परवाने. प्रत्येकाचं वेगळं खातं, कोणीही ॲडमिन नाही, मामासुद्धा नाहीत. बाहेरून यायचं तर आधी व्हीपीएन, इंटरनेटला थेट दार नाही. अपडेट चालू. रोज रात्री बॅकअप, दोन ठिकाणी, आणि त्यातली एक डिस्क काम झालं की काढून कपाटात. दर महिन्याला एक फाईल त्या बॅकअपमधून खरंच परत आणून बघायची. न तपासलेला बॅकअप म्हणजे न मोजलेले पैसे.

खर्च झाला. मामांनी आकडा ऐकून कपाळावर हात मारला. मी म्हटलं, "मामा, सहा रात्रींचा हिशोब लावा." त्यांनी कॅल्क्युलेटर घेतला, दोन मिनिटं काहीतरी केलं आणि मान डोलावली. मग कचोरी मागवली, पण या वेळी बिल माझ्याकडे सरकवलं.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ऑफिसात, शाळेत, सायबर कॅफेत असा एकावर चौघांचा संसार पाहिला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला ऐकवू. आणि हो, आज घरी गेल्यावर एक पासवर्ड बदला. एकच, पण आजच.

भेटूया!